पेंटबॉलची बंदूक : सिलिंडरमध्ये वायू कोणता असावा?

पेंटबॉल खेळू पाहणाऱ्या नवख्या खेळाडूचे सारे लक्ष बंदुकीकडे असते. तिचा आकार, नळीची लांबी, मिनिटाला किती गोळ्या सुटतात, याची चौकशी तो अगत्याने करतो. बंदुकीच्या मागच्या बाजूला बसवलेल्या लहानशा सिलिंडरकडे मात्र त्याची नजर सहसा जात नाही. प्रत्यक्षात गोळी किती वेगाने जाईल, प्रत्येक गोळीचा वेग सारखा राहील की नाही, समोरच्या खेळाडूला लागणारा मार सोसण्याजोगा असेल की नाही आणि बंदूक किती वर्षे टिकेल, या सगळ्या प्रश्नांची उत्तरे त्या सिलिंडरात दडलेली असतात. त्यात द्रवरूप कार्बन डायऑक्साइड भरायचा की उच्च दाबाखालची साधी हवा, हा या खेळातील जुना वाद आहे. दोन्ही बाजूंचे समर्थक आपापले मत हिरिरीने मांडतात. वादामागचे विज्ञान समजून घेतले, तर निवड फारशी अवघड राहत नाही.

झाडांच्या खुणांपासून खेळापर्यंत

या खेळाची सुरुवात कार्बन डायऑक्साइडपासूनच झाली. अमेरिकेत जंगलातील तोडायची झाडे आणि कळपातील गुरे यांच्यावर दुरून रंगाची खूण करण्यासाठी नेल्सन पेंट कंपनीने रंगाच्या गोळ्या बनवल्या. त्या झाडण्यासाठी डेझी कंपनीने तयार केलेले ‘नेलस्पॉट ००७’ हे पिस्तूल वापरले जाई. २७ जून १९८१ रोजी न्यू हॅम्पशायर राज्यातील हेनिकर या गावाजवळच्या जंगलात बारा जणांनी हीच पिस्तुले घेऊन निशाणे पळवण्याचा डाव मांडला. हाच पेंटबॉलचा पहिला सामना मानला जातो. गंमत अशी, की त्या दिवशी जो जिंकला त्याने एकही गोळी झाडली नव्हती. जंगलात वावरण्याचा सराव असल्याने तो सर्वांच्या नजरा चुकवून निशाणांपर्यंत पोहोचला.

त्या पिस्तुलात १२ ग्रॅम कार्बन डायऑक्साइडची, अंगठ्याएवढी पोलादी कुपी बसत असे. एका कुपीवर साधारण पंधरा ते तीस गोळ्या सुटत. झाडावर खूण करणाऱ्याला तेवढ्या पुरेशा होत्या. खेळाडूंना मात्र त्या अपुऱ्या पडू लागल्या आणि पुन्हा पुन्हा भरता येणारी मोठी सिलिंडरे आली. पुढे बंदुकांचा वेग वाढला, त्यांत विजेवर चालणाऱ्या झडपा आल्या आणि कार्बन डायऑक्साइडच्या मर्यादा जाणवू लागल्या. १९९० च्या दशकात काही खेळाडू दाबाखालच्या नायट्रोजनकडे वळले. हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो आणि या कामापुरता दोघांत फरक पडत नाही, त्यामुळे लवकरच नायट्रोजनची जागा साध्या हवेने घेतली.

खेळ वेगाच्या मर्यादेवर उभा आहे

पेंटबॉलची प्रचलित गोळी सुमारे १७ मिलिमीटर व्यासाची आणि साधारण तीन ग्रॅम वजनाची असते. औषधाच्या कॅप्सूलप्रमाणे तिचे कवच जिलेटिनचे असते आणि आत पाण्याने धुऊन जाणारा रंग असतो. बंदुकीची झडप क्षणभर उघडते, वायूचा झोत गोळीमागे येतो आणि गोळी नळीतून बाहेर फेकली जाते. हा वेग सेकंदाला ३०० फुटांच्या, म्हणजे सुमारे ९१ मीटरच्या पुढे जाऊ नये, असा सर्वसाधारण नियम आहे. अनेक मैदानांवर मर्यादा २८० फुटांचीच ठेवतात. ताशी हिशेब केला तर ३०० फूट म्हणजे सुमारे ३३० किलोमीटर. डोळे आणि चेहरा झाकणारा मुखवटा खेळभर काढायचा नाही, ही सक्ती त्यासाठीच असते.

वेगाची ही मर्यादा काटेकोर का, हे साध्या गणितावरून कळते. गोळीतील ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दहा टक्क्यांनी वाढला तर आघाताची ऊर्जा एकवीस टक्क्यांनी वाढते. सकाळी २८० फुटांवर बसवलेली बंदूक दुपारी ३०८ फुटांनी गोळ्या टाकू लागली, तर खेळाडूच्या हातून कोणतीही चूक न होता ती नियमबाह्य आणि समोरच्यासाठी धोकादायक ठरते. असा बदल घडवून आणण्याची शक्ती सिलिंडरातील वायूमध्ये असते. म्हणून वायू निवडताना सर्वांत आधी विचारायचा प्रश्न एकच : दाब स्थिर कोण ठेवतो?

कार्बन डायऑक्साइड : दाब हवामानाच्या हाती

घरातील स्वयंपाकाच्या गॅसचे सिलिंडर हलवले, की आत द्रव डुचमळल्याचे जाणवते. मोठ्या शेगडीवर बराच वेळ स्वयंपाक चालला, की सिलिंडरचा खालचा भाग गार पडतो आणि त्यावर दव धरते. द्रवाचा वायू होताना तो भोवतालची उष्णता शोषून घेतो, त्याचा हा परिणाम. पेंटबॉलच्या कार्बन डायऑक्साइडचे काम याच तत्त्वावर चालते. सिलिंडरात तो द्रवरूपात असतो, द्रवाच्या वर त्याचीच वाफ असते आणि त्या वाफेचा दाब बंदुकीला मिळतो.

या व्यवस्थेचा मोठा गुण असा, की द्रव थोड्या जागेत पुष्कळ मावतो. २० औंसांच्या, म्हणजे सुमारे ५६७ ग्रॅम वायू मावणाऱ्या सिलिंडरची पोकळी पाऊण लिटरहून थोडीच जास्त असते. पण त्यातून ३०० लिटरच्या आसपास वायू मिळतो आणि हजाराच्या आसपास गोळ्या झाडता येतात. सिलिंडर साधे, स्वस्त आणि टिकाऊ असते. शिवाय द्रव संपेपर्यंत दाब टिकून राहतो. तापमान बदलले नाही, तर!

या ‘तर’मध्येच सारी मेख आहे. वाफेचा दाब तापमानावर अवलंबून असतो. शून्य अंश सेल्सिअसला तो सुमारे ३५ बार असतो. १० अंशांना ४५, २० अंशांना ५७ आणि ३० अंशांना ७२ बारपर्यंत तो चढतो. म्हणजे थंडीतल्या पहाटेचा दाब आणि दुपारच्या उन्हातला दाब यांत जवळपास दुपटीचा फरक पडू शकतो. सिलिंडर तेच, बंदूक तीच, हात तोच. पण गोळीचा वेग निराळा. म्हणूनच कार्बन डायऑक्साइडवर खेळणाऱ्याने वेग मोजणाऱ्या क्रोनोग्राफ यंत्रासमोर दिवसातून एकदा उभे राहणे पुरेसे नसते. ऊन चढले की पुन्हा मोजणी करावी लागते.

दुसरी अडचण गोळीबाराच्या गतीची. झपाट्याने गोळ्या झाडल्या की द्रवाचे बाष्पीभवनही झपाट्याने होते, सिलिंडर गार पडते, दाब उतरतो आणि गोळ्या अलीकडेच पडू लागतात. कधी तर द्रवाचे पुरते बाष्पीभवन न होता तो तसाच बंदुकीत शिरतो. तो अतिशय थंड असल्यामुळे सांध्यांतील रबरी कड्या ताठरतात, त्यांना चिरा पडतात आणि वायू गळू लागतो. विजेवर चालणाऱ्या नाजूक झडपांचे तर कायमचे नुकसान होऊ शकते. हे टाळण्यासाठी सिलिंडरात वाकडी नळी बसवतात, जेणेकरून द्रवाऐवजी वरची वाफच बाहेर यावी. काही जण बंदुकीत वायूला प्रसरणासाठी जादा पोकळी देतात, तर काही जण सिलिंडर कमरेला अडकवून लांब नळीने वायू बंदुकीपर्यंत आणतात. या उपायांनी त्रास कमी होतो, पण पूर्णपणे जात नाही.

हवा : दाब रेग्युलेटरच्या हाती

तारकर्लीच्या समुद्रात स्कूबा डायव्हिंग करणाऱ्याच्या पाठीवरचे सिलिंडर अनेकांनी पाहिले असेल. त्यात द्रव काहीच नसतो. साधी हवा गाळून, कोरडी करून, साधारण २०० बार दाबाने कोंबलेली असते. पेंटबॉलची हवाही तशीच असते. या सिलिंडरांचे दोन प्रकार रूढ आहेत. अॅल्युमिनियमची सिलिंडरे ३००० पीएसआय, म्हणजे सुमारे २०७ बार दाबापर्यंत भरतात. वरून कार्बनच्या धाग्यांचे वेष्टण असलेली, वजनाने हलकी आणि किमतीने महाग सिलिंडरे ४५०० पीएसआय, म्हणजे सुमारे ३१० बारपर्यंत भरतात.

इतका दाब थेट बंदुकीत सोडता येत नाही. त्यामुळे या सिलिंडरच्या तोंडाशीच रेग्युलेटर असतो. आतला दाब ३०० बार असो वा १००, बाहेर पडताना तो बहुतेक सिलिंडरांत ५५ ते ६० बारच्या आसपासच ठेवला जातो. काही बंदुकांसाठी याहून कमी दाबाचे रेग्युलेटरही मिळतात. बाहेर ऊन असो की थंडी, बंदुकीला मिळणारा दाब फारसा हलत नाही. पहिली गोळी आणि पाचशेवी गोळी जवळपास एकाच वेगाने जाते. द्रवच नसल्याने बंदूक गोठण्याचा प्रश्न उद्भवत नाही. स्पर्धात्मक खेळात हवेने कार्बन डायऑक्साइडला मागे टाकले, त्याचे मुख्य कारण हेच आहे.

याची किंमत दाबाच्या रूपात मोजावी लागते. ६८ घन इंचांचे, म्हणजे सुमारे १.१ लिटरचे सिलिंडर ४५०० पीएसआयपर्यंत भरले, की त्यातही ३०० लिटरच्या आसपासच हवा मावते आणि हजाराच्या आसपास गोळ्या सुटतात. कार्बन डायऑक्साइडचे २० औंसांचे सिलिंडर तेवढेच काम साधारण ५७ बार दाबात करते. हवेला त्यासाठी पाचपटीहून अधिक दाब लागतो. त्यातही आतला दाब रेग्युलेटरने ठरवलेल्या दाबापर्यंत उतरला, की उरलेली हवा फारशी उपयोगाची राहत नाही. नवखे खेळाडू बहुधा घेतात ते ४८ घन इंचांचे, ३००० पीएसआयचे अॅल्युमिनियम सिलिंडर साधारण पाचशे गोळ्यांपर्यंतच पुरते.

आधी बंदूक पाहावी, मग भरण्याची सोय

निवडीचा पहिला निकष बंदुकीचा. ‘टिपमन ९८’सारख्या साध्या, यांत्रिक आणि दणकट बंदुका दोन्ही वायूंवर चालतात. अशी बंदूक घेऊन कधीमधी, बेताच्या गतीने खेळणाऱ्याचे काम कार्बन डायऑक्साइडवर भागते. बॅटरीवर चालणाऱ्या, सेकंदाला अनेक गोळ्या टाकणाऱ्या बंदुकांसाठी मात्र हवाच वापरावी. अशा बहुतेक बंदुकांच्या माहितीपुस्तिकेत तसे स्पष्ट बजावलेले असते. महागडी बंदूक घ्यायची आणि सिलिंडरवर काटकसर करायची, हा व्यवहार अखेरीस तोट्याचाच ठरतो.

दुसरा निकष भरण्याच्या सोयीचा. आणि प्रत्यक्षात बहुतेकांची निवड तोच ठरवतो. कार्बन डायऑक्साइड सोडावॉटर आणि शीतपेयांच्या धंद्यात, आग विझवण्याच्या उपकरणांत आणि वेल्डिंगच्या कामात वापरला जातो, त्यामुळे त्याचा पुरवठा सर्वत्र असतो. सिलिंडर रिकामे करून गार करायचे, मोठ्या सिलिंडरमधून त्यात द्रव उतरवायचा आणि काट्यावर वजन करून ठरल्या मापाला थांबायचे, अशी ही पद्धत आहे. वजन न करता अंदाजाने भरणे हा मात्र जिवाशी खेळ आहे.

हवेसाठी उच्च दाबाचा कंप्रेसर लागतो आणि तो स्वस्त नसतो. पंक्चरच्या दुकानातला कंप्रेसर इथे कामाचा नाही. त्याचा दाब दहा बारच्या आसपास असतो. स्कूबाच्या मोठ्या सिलिंडरमधून लहान सिलिंडर भरता येते, पण २०० बारच्या सिलिंडरमधून ३१० बारचे सिलिंडर पूर्ण कसे भरणार? शिवाय प्रत्येक वेळी मोठ्या सिलिंडरचा दाब थोडा उतरतो आणि लहान सिलिंडर आधीपेक्षा कमी भरते. हवा सावकाश भरावी लागते. सायकलचा पंप मारताना तो तापतो, तसे घाईने भरलेले सिलिंडरही तापते. ते निवले की काट्यावर दिसलेला दाब खाली येतो आणि खेळाडूला आपण फसवले गेलो असे वाटते. जिथे नेहमी खेळायचे त्या मैदानावर कंप्रेसर असेल तर हवा, नसेल तर कार्बन डायऑक्साइड, असा सरळ हिशेब त्यामुळे अनेक जण करतात. आणि तो चुकीचा नाही.

अपघात होतो तो हाताळणीत

या सिलिंडरांचा खरा धोका अनेकदा गोळीबाराच्या वेळी नव्हे, तर खेळ संपल्यावर उद्भवतो. सिलिंडर बंदुकीपासून सोडवण्यासाठी फिरवले जाते. अशा वेळी कधी झडप बंदुकीतच अडकून राहते आणि झडपेपासून सिलिंडर सुटू लागते. शेवटचा आटा सुटला, की आतला वायू एका दमात बाहेर पडतो आणि धातूचे सिलिंडर अग्निबाणासारखे उडते. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरांच्या अशा अपघातांत अमेरिकेत जीव गेले आहेत आणि तेथील ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाला त्याबाबत जाहीर इशारा द्यावा लागला.

यावरचा उपाय अगदी घरगुती आहे. झडप आणि सिलिंडर यांच्या सांध्यावर नेलपॉलिशची किंवा रंगाची एक उभी रेघ ओढून ठेवावी. सिलिंडर फिरवताना रेघेचे दोन्ही भाग बरोबर फिरले पाहिजेत. रेघ तुटून दोन भाग वेगळे झालेले दिसले, तर झडप सुटते आहे, असे समजून तत्क्षणी थांबावे आणि जाणकाराला बोलवावे. झडप बदलण्याचे काम घरी करू नये.

उष्णतेचे भान हा दुसरा मुद्दा. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरात मापाइतकाच द्रव भरून काही जागा मोकळी ठेवतात. पारा तिशीकडे झुकू लागला, की द्रव फुगतो आणि ती मोकळी जागा व्यापू लागतो. ३१ अंशांच्या पुढे तर द्रव आणि वाफ हा भेदच संपतो आणि पुरते भरलेले सिलिंडर आणखी तापले, तर दाब झपाट्याने १०० बारच्या पुढे जातो. माप ओलांडून भरलेल्या सिलिंडरात हे आणखी लवकर घडते. प्रेशर कुकरच्या सेफ्टी व्हॉल्व्हप्रमाणे इथेही एक पातळ चकती असते. दाब हाताबाहेर गेला, की ती फुटून वायूला वाट देते. मात्र ही शेवटची तटबंदी आहे, तिच्या भरवशावर बेफिकीर राहता येत नाही. उन्हात उभ्या मोटारीत भरलेले सिलिंडर ठेवणे कटाक्षाने टाळावे. बंद जागेत गळणारा कार्बन डायऑक्साइड गुदमरवतो, हेही विसरू नये.

हवेच्या सिलिंडरचा धोका निराळा. त्याच्या भरण्याच्या तोंडाशी तेल किंवा ग्रीस कधीही लावू नये. उच्च दाबाची हवा आत शिरताना क्षणात तापते आणि डिझेल इंजिनात इंधन पेटते तसे ते तेल पेटू शकते. याच कारणाने हवेच्या जागी ऑक्सिजन भरणे म्हणजे स्फोटाला निमंत्रण आहे. ३००० पीएसआयचे सिलिंडर ४५०० पीएसआयच्या नळीला जोडणे ही आणखी एक घोडचूक. अमेरिकी नियमांनुसार या सिलिंडरांची दर पाच वर्षांनी पाण्याच्या दाबाची चाचणी घेतली जाते, तर कार्बनवेष्टित सिलिंडरांचे आयुष्य साधारणपणे पंधरा वर्षे धरले जाते. त्याची तारीख सिलिंडरवरच असते. जुने सिलिंडर स्वस्तात मिळाले म्हणून आनंद मानण्यापूर्वी ती वाचावी.

आपल्याकडचा विचार

मुंबई-पुण्याच्या परिसरातील रिसॉर्टांमध्ये कार्यालयीन सहलींच्या निमित्ताने हा खेळ अनेकांनी अनुभवला आहे. तिथे बंदूक आणि सिलिंडर मैदानाचे असते, त्यामुळे निवडीचा प्रश्न येत नाही. परदेशी शिकायला वा नोकरीला गेलेल्यांपैकी काहींना मात्र खेळाची गोडी लागते आणि परतताना सामान सोबत आणावेसे वाटते. भरलेले सिलिंडर विमानातून नेता येत नाही, हे त्यांनी आधीच लक्षात घ्यावे. भारतात ५०० मिलिलिटरहून अधिक क्षमतेची वायूची सिलिंडरे गॅस सिलिंडर नियम, २०१६ च्या कक्षेत येतात. त्यांची आयात, त्यांना मान्यता आणि ती भरण्याचा परवाना या बाबी पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेच्या अखत्यारीत असून तिचे मुख्यालय नागपुरात आहे. वर सांगितलेली ४८ व ६८ घन इंचांची सिलिंडरे या मर्यादेपेक्षा मोठी आहेत. त्यामुळे परदेशात सर्रास मिळणारे सिलिंडर इथे आणणे आणि भरून घेणे तितके सोपे नाही.

हवामानाचा विचारही वेगळा करावा लागतो. कार्बन डायऑक्साइडची सारी व्यवस्था थंड आणि समशीतोष्ण प्रदेशात रुजली. एप्रिल-मे महिन्यांत विदर्भ-मराठवाड्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा हा वायू द्रवरूपात राहूच शकत नाही आणि त्याच्या दाबाचा भरवसा धरता येत नाही. महाराष्ट्रात उन्हाळ्यात खेळायचे असेल, तर हवेकडे झुकते माप देण्यास हे एकच कारण पुरेसे आहे.

थोडक्यात, बंदूक साधी असेल, खेळ अधूनमधून आणि बेताच्या गतीने असेल, हवामान फार तापट नसेल आणि जवळपास हवा भरण्याची सोय नसेल, तर कार्बन डायऑक्साइड निवडण्यात काही गैर नाही. बंदूक विजेवर चालणारी असेल, खेळ नियमित असेल किंवा उन्हाळा कडक असेल, तर जादा खर्च सोसून हवाच घ्यावी. निवड कोणतीही असो, सिलिंडरवरची तारीख, झडपेवरची रेघ आणि मैदानात शिरण्यापूर्वी क्रोनोग्राफसमोर झाडलेल्या चार गोळ्या यांना मात्र पर्याय नाही. पहिल्या सामन्यातील विजेता एकही गोळी न झाडता जिंकला होता. आपल्या गोळीचा वेग ठाऊक नसताना ती न झाडण्याचा संयम त्यापेक्षा कितीतरी सोपा आहे.